पादचारी अपघाताचा दावा: विमा कंपनीची तडजोड स्वीकारावी की निकालापर्यंत लढावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझ्या मावशीच्या अपघाताच्या दाव्यासंबंधी जाणकारांचे मत हवे आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

मावशीचे वय ५२ असून ती सांगलीत घरगुती डबे पुरवण्याचा व्यवसाय करते. चार महिन्यांपूर्वी सकाळी भाजी घेऊन परत येताना, सांगली-मिरज रस्ता ओलांडत असताना, एका मालवाहू टेम्पोने तिला धडक दिली. उजव्या नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडले आणि शस्त्रक्रिया करून रॉड घालावा लागला. चालकावर गुन्हा दाखल आहे, टेम्पोचा थर्ड पार्टी विमा चालू होता आणि पोलिसांचा अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे गेला आहे.

आता विमा कंपनीने ४,२५,००० रुपयांचा प्रस्ताव दिला आहे. त्यात दोन कपाती आहेत. उपचारांवर २,८०,००० रुपये खर्च झाले. त्यांपैकी १,६०,००० रुपये मावसभावाच्या नोकरीतल्या मेडिक्लेममधून मिळाले म्हणून कंपनीने ते वगळले. शिवाय मावशीने झेब्रा क्रॉसिंगवरून रस्ता ओलांडला नाही, या कारणाने उरलेल्या रकमेतून २५ टक्के कापले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे मावशीचे म्हणणे आहे, तर मावसभाऊ शेवटपर्यंत लढायचे म्हणतो. सह्या करण्यासाठी पुढच्या आठवड्यात बोलावले आहे. यात योग्य काय, हे कोणत्या निकषांवर ठरवावे?

अधिवक्ता_नाशिककर

आपल्या मावशींना लवकर आराम पडो. मी मोटार अपघाताचे दावे चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कागदपत्रे न पाहता केलेले हे विवेचन आहे, तेवढे लक्षात असू द्यावे.

प्रथम मुदतीविषयी. मोटार वाहन कायद्यातील २०१९ ची दुरुस्ती या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि कलम १६६ खालील (चालकाची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागण्याचा) दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करण्याचे बंधन आले. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असून, केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश २०२५ मध्ये झाला आहे. तथापि अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी बसून राहू नये. पोलिसांचा अहवाल हाच दाव्याचा अर्ज समजण्याची सोय कलम १६६(४) मध्ये आहे, परंतु त्या अहवालात मावशींचे उत्पन्न, डब्यांचा व्यवसाय आणि पुढची शस्त्रक्रिया यांचा पत्ता नसतो. म्हणून तडजोडीची बोलणी कितीही गोडीत चाललेली असोत, स्वतःचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. दावा दाखल केल्याने तडजोडीचा मार्ग बंद होत नाही, आणि न्यायाधिकरणाने मंजूर केलेले व्याज साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरले जाते.

दुसरी गोष्ट, तो प्रस्ताव कोणत्या कलमाखाली आहे ते आधी पाहा. कलम १६४ नुसार चूक कोणाची याचा विचार न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख रुपये मिळतात. ही रक्कम कलम १४९ च्या, म्हणजे विमा कंपनीशी तडजोड करण्याच्या, पद्धतीने एकदा स्वीकारली की कलम १६६ खालचा दावा संपुष्टात येतो. "आत्ता हे घ्या, बाकीचे नंतर कोर्टात बघू" असे कोणी तोंडी सांगत असेल तर त्याचा भरवसा धरू नका. आपल्या प्रकरणातील आकडा अडीच लाखांपेक्षा मोठा आहे, त्यामुळे तो बहुधा कलम १६६ च्या हिशेबाने दिलेला असावा. तरीही कागद वाचून खात्री करून घ्या.

तिसरी गोष्ट मेडिक्लेमच्या कपातीची. हप्ते भरून घेतलेल्या आरोग्यविम्यातून मिळालेली रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये दिला आहे. सांगलीच्या न्यायाधिकरणावर तो बंधनकारक आहे. त्यामुळे या कपातीवर घासाघीस करण्याचेही कारण नाही. कंपनीला लेखी पत्र देऊन ती काढून टाकायला सांगावे. हप्ता मावसभावाच्या मालकाने भरला असल्याचा मुद्दा कंपनी काढील, तेव्हा पॉलिसीची प्रत जवळ असू द्यावी.

राहिला प्रश्न झेब्रा क्रॉसिंगचा. तो पंचनामा पाहिल्याशिवाय सोडवता येणार नाही. त्यात काय नोंदले आहे?

कृष्णाकाठ

आपल्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. पंचनाम्याची प्रत आजच वाचली. रस्त्याच्या डाव्या कडेपासून सुमारे तीन फुटांवर मावशीची एक चप्पल आणि फाटलेली भाजीची पिशवी पडलेली होती, मेथीची जुडी कडेच्या मातीत गेली होती, आणि टेम्पो तेथून बराच पुढे जाऊन थांबला, असे त्यात लिहिले आहे. ब्रेकच्या खुणांचा उल्लेख नाही. दुभाजक त्या ठिकाणी उघडा आहे आणि लोक रोज तेथूनच ओलांडतात. मावशी दुभाजकाकडून डाव्या कडेकडे येत होती.

अधिवक्ता_नाशिककर

मग ही चप्पल आणि ही पिशवी तुमच्या बाजूचे साक्षीदार आहेत. मावशींनी रस्त्याचा बहुतेक भाग ओलांडून झाला होता आणि कडेला पोहोचायला एखाददुसरे पाऊल उरले होते. याचा अर्थ त्या अचानक टेम्पोपुढे आल्या नाहीत. चालकाला त्या बराच वेळ दिसत होत्या, किंवा दिसायला हव्या होत्या. वेग आवरल्याची खूण नाही. अशा स्थितीत झेब्रा क्रॉसिंग नसणे एवढ्यावरून २५ टक्के निष्काळजीपणा पादचाऱ्याच्या माथी मारणे अवघड जाते. या दाव्यांत फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. शक्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढे पाहिले जाते. सहभागी निष्काळजीपणाचा बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी तो घेणाऱ्यावर असते, आणि कंपनीने चालकाला साक्षीला उभेच केले नाही तर त्याचा प्रतिकूल अर्थ काढता येतो.

धोका अजिबात नाही असे मात्र म्हणत नाही. मावशी फोनवर बोलत होत्या किंवा मागे वळून पाहत होत्या असे एखाद्या साक्षीदाराने पोलिसांना सांगितले असेल, तर दहा-वीस टक्क्यांची कपात होऊ शकते. दोषारोपपत्रासोबतचे जबाब मिळवून वाचा.

पायवाट

मुळात त्या रस्त्यावर पुढचे झेब्रा क्रॉसिंग किती अंतरावर आहे आणि तेथपर्यंत चालत जायला पदपथ मोकळा आहे का, याची छायाचित्रे काढून ठेवा. पादचाऱ्याने कोठून ओलांडायला हवे होते हे विचारणाऱ्याला, तशी जागा ठेवली होती का, हा प्रतिप्रश्न कोणी करत नाही. मोटार वाहन चालविण्याच्या २०१७ च्या विनियमांत क्रॉसिंगवर पादचाऱ्याला वाट देण्याचे बंधन चालकावर आहेच. क्रॉसिंग नसलेल्या ठिकाणी मात्र चालकाची सगळी जबाबदारी संपली, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

निवृत्त_दावा_अधिकारी

मी एका विमा कंपनीच्या थर्ड पार्टी विभागात अनेक वर्षे काम केले, तेव्हा पलीकडच्या टेबलावरून काय दिसते ते सांगतो.

पहिला प्रस्ताव हा शेवटचा नसतो. दाव्याची फाइल आली की अन्वेषकाचा अहवाल आणि पॅनेलवरील वकिलाचे मत घेतले जाते, न्यायाधिकरण कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती देईल याचा अंदाज बांधला जातो, आणि बोलणी खालच्या टोकापासून सुरू होतात. प्रत्येक अधिकाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंतच मंजुरीचा अधिकार असतो. त्याच्यावरची रक्कम हवी असल्यास त्याला वरच्या कार्यालयाला कारण लिहून द्यावे लागते. म्हणून तोंडी वाद घालण्यापेक्षा पंचनाम्यातला तो मजकूर, पूर्णपीठाचा निर्णय आणि उत्पन्नाचे पुरावे जोडून लेखी प्रतिप्रस्ताव द्यावा. त्या अधिकाऱ्याला वर पाठवण्यासाठी कागद लागतो, आणि तो आपण दिलेला बरा.

परंतु तडजोडीला सरसकट नावे ठेवू नयेत, अशी माझी विनंती आहे. न्यायाधिकरणाने तडजोड नोंदवली की ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. निकाल लागला तर आम्ही उच्च न्यायालयात अपील करू शकतो. रकमेचा भरणा करून स्थगिती मागितली जाते, आणि अर्जदाराला काही भाग काढून घेता आला तरी उरलेला वर्षानुवर्षे अडकतो. लोकअदालतीतील निवाड्यावर अपील नसते, ही दोन्ही बाजूंची सोय आहे. चालकाचा परवाना आणि वाहनाची कागदपत्रे निर्दोष आहेत, अशा फाइली मिटवण्याकडेच कंपन्यांचा कल असतो. जेथे परवान्यात खोट असते तेथे कंपनी हात आखडता घेते. मग न्यायाधिकरणाने आधी कंपनीने द्यावे आणि नंतर मालकाकडून वसूल करावे असा आदेश दिला तरच अर्जदार सुटतो.

सोनचाफा

आमच्या बाबांच्या प्रकरणात आम्ही लोकअदालतीत तडजोड केली आणि त्याबद्दल आम्ही समाधानी आहोत. साताऱ्यात एका दुचाकीने त्यांना धडक दिली होती, मनगटाचे हाड मोडले, प्लास्टर निघाल्यावर हात पूर्ववत झाला आणि ते सेवानिवृत्त असल्यामुळे उत्पन्न बुडाले नाही. रकमेवर फारसा वाद नव्हताच. लढलो असतो तर थोडे अधिक मिळाले असते, पण बाबांना उलटतपासणीला उभे करण्याची आमची तयारी नव्हती. मावशींचा विरोध हाच असेल तर त्यालाही वजन द्यावे, असे वाटते.

मिरजेचा_अस्थितज्ज्ञ

येथे कोणी वैद्यकीय बाजू मांडलेली नाही, आणि माझ्या मते सर्व प्रश्न तेथेच अडलेला आहे. नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडून रॉड घातलेला असताना चौथ्या महिन्यात अंतिम चित्र सांगता येत नाही. हाड जुळायला उशीर लागू शकतो, क्वचित जुळतही नाही आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. घोट्याची किंवा गुडघ्याची हालचाल किती परत येईल, पाय किंचित आखूड राहील का, हे हाड पक्के जुळल्यावरच मोजता येते. पुढे रॉड काढायचा ठरल्यास तो खर्च वेगळा. अशा वेळी कायमच्या अपंगत्वाचा आकडा ठरवून सही करणे म्हणजे पीक उभे असतानाच खळ्यावरचा हिशेब करणे होय.

आणखी एक. प्रमाणपत्रावर "उजव्या पायाचे ३० टक्के" असे लिहिलेले असते, ते संपूर्ण शरीराचे ३० टक्के नव्हे. नातेवाईक हा आकडा घेऊन मोठी अपेक्षा बांधतात आणि न्यायालयात निराश होतात.

अधिवक्ता_नाशिककर

डॉक्टरांनी नेमका मुद्दा मांडला. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात हाच भेद केला आहे: अवयवाचे अपंगत्व किती, त्यामुळे संपूर्ण शरीराचे किती, आणि त्या व्यक्तीच्या विशिष्ट कामात कमावण्याची क्षमता त्यामुळे किती घटली, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. पायाचे ३० टक्के अपंगत्व बैठे काम करणाऱ्या कारकुनाच्या कमाईला फारसा धक्का लावणार नाही. परंतु पहाटेपासून ओट्याशी उभे राहणाऱ्या, बाजारातून ओझे आणणाऱ्या आणि डबे घेऊन जिने चढणाऱ्या बाईंच्या कमाईत ते मोठी घट करू शकते. तुमच्या दाव्याचा जीव या तिसऱ्या प्रश्नात आहे.

आता आकडे मांडून पाहू. सरला वर्मा (२००९) निकालातील तक्त्यानुसार ५१ ते ५५ वयासाठी गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, ११ आहे. प्रणय सेठी (२०१७) निकालानुसार ५० ते ६० वयाच्या स्वयंरोजगारी व्यक्तीच्या उत्पन्नात भावी वाढ म्हणून १० टक्के मिळवतात, आणि कायमच्या अपंगत्वाच्या दाव्यांतही ही वाढ धरावी, हे २०२० च्या पप्पू देव यादव निकालाने स्पष्ट केले आहे.

समजा न्यायाधिकरणाने उत्पन्न दरमहा १५,००० आणि कमाईतील घट २० टक्के मानली. १६,५०० गुणिले १२ गुणिले ११ म्हणजे २१,७८,०००. त्याचे २० टक्के ४,३५,६००. त्यात उपचार २,८०,०००, सहा महिन्यांचे बुडालेले उत्पन्न ९०,०००, मदतनीस, प्रवास आणि सकस आहार ५०,०००, वेदना आणि जीवनातील सुखसोयींची हानी १,५०,००० मिळवले तर एकूण १०,०५,६०० होतात. भावी शस्त्रक्रिया यात धरलेली नाही.

आता वाईट बाजू घेऊ. उत्पन्न १०,००० आणि घट फक्त १० टक्के मानली, तर भावी नुकसान १,४५,२०० होते. उपचार तेवढेच, बुडालेले उत्पन्न ६०,०००, मदतनीस वगैरे ५०,०००, वेदनांचे १,००,०००, बेरीज ६,३५,२००. यातून कंपनी म्हणते ते २५ टक्केही कापले तरी ४,७६,४०० उरतात. म्हणजे तुमच्या हातातला प्रस्ताव मेडिक्लेमचा मुद्दा सोडून बाकी सर्व मुद्द्यांवर हरल्यानंतर मिळू शकणाऱ्या रकमेच्याही खाली आहे, आणि यात व्याज धरलेले नाही. सहा-सात टक्क्यांनी तीन-चार वर्षांचे व्याज ही मोठी रक्कम असते.

निवृत्त_दावा_अधिकारी

हिशेब बरोबर आहे, पण त्यातील १५,००० हा आकडा कोठून आला, असा प्रश्न आमचा वकील पहिल्याच उलटतपासणीत विचारील. डबे देणाऱ्या भगिनींकडे प्राप्तिकर विवरणपत्र क्वचितच असते. व्याजाच्या मोहात पडून वाट पाहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की तीन-चार वर्षांत साक्षीदार पांगतात, डॉक्टर बदलून जातात आणि अर्जदाराचा उत्साहही संपतो.

अधिवक्ता_नाशिककर

म्हणूनच पुरावे आज गोळा करायचे. डब्यांची हिशेबाची वही, यूपीआयने आलेल्या रकमा दाखवणारा बँकेचा उतारा, अन्न परवाना विभागाची नोंदणी असल्यास ती, किराणा दुकानाची उधारीची वही आणि दोन-तीन नियमित ग्राहकांची साक्ष एवढ्यावर उत्पन्न बऱ्यापैकी सिद्ध होते. शिवाय मावशी घरचेही सर्व काम करत असतील. घरकामाला आर्थिक मूल्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात पुन्हा अधोरेखित केले आहे. डॉक्टरांना कोर्टात यायला सवड नसेल तर त्यांची साक्ष कमिशनमार्फत, म्हणजे नेमलेल्या व्यक्तीकडून कोर्टाबाहेर, नोंदवण्याची विनंती करता येते.

शंकेखोर

माझ्या शेजाऱ्यांच्या प्रकरणात मोटारमालकाने दवाखान्यातच पाचशेच्या स्टँप पेपरवर "माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही" असे लिहून घेऊन साठ हजार दिले. आता त्यांना दावा करता येईल का? आणि वाहनाला विमाच नसेल, किंवा ते पळूनच गेले असेल तर?

अधिवक्ता_नाशिककर

असा खासगी कागद न्यायाधिकरणाने नोंदवलेली तडजोड नव्हे, त्यामुळे दावा दाखल करता येतो. मिळालेले साठ हजार मात्र हिशेबात येतील आणि तो मजकूर उलटतपासणीत समोर ठेवला जाईल. खरे नुकसान वेगळेच होते: त्या कागदामुळे फिर्याद वेळेवर नोंदली जात नाही, पंचनामा होत नाही आणि वाहन त्या अपघातात होते हेच सिद्ध करणे कठीण होऊन बसते. विमा नसल्यास भरपाईची जबाबदारी मालक-चालकावर येते, आणि वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे करता येते. पण मालकाकडे काही असले तरच. अशा वेळी रोख मिळणारी माफक तडजोड न्यायाधिकरणापुढे नोंदवून घेणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. वाहन अज्ञात असल्यास कलम १६१ च्या योजनेत गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. घरी सर्वांनी बसून हा धागा वाचला. मावशीला कोर्टाची भीती नव्हती, तर वकिलांच्या टक्केवारीची होती. तिच्या एका मैत्रिणीकडून तिसरा हिस्सा मागितला गेला होता. तूर्त असे ठरले आहे की हा प्रस्ताव लेखी कळवून नाकारायचा, या महिन्यातच स्वतःचा दावा दाखल करायचा, आणि हाड जुळून अपंगत्वाचे प्रमाणपत्र हाती आल्यावर जी राष्ट्रीय लोकअदालत येईल तीत पुन्हा बोलणी करायची. सात लाखांच्या खाली उतरायचे नाही, असे मावसभाऊ म्हणतो. मावशी साडेसहावरही तयार आहे. फीविषयी आणि तडजोडीच्या मसुद्याविषयी दोन शब्द सांगावेत.

अधिवक्ता_नाशिककर

भरपाईत हिस्सा ठरवून फी घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई केली आहे, तेव्हा फी आधीच ठरवून लिहून घ्यावी. महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. सांगलीच्या जिल्हा न्यायालयात चौकशी करावी.

आपला क्रम योग्य आहे. सात की साडेसहा हे मात्र आज ठरवू नका. प्रमाणपत्र आल्यावर वरचाच हिशेब खऱ्या आकड्यांनी पुन्हा मांडा. तडजोड पुरसीसवर (न्यायाधिकरणात द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनावर) सही करण्यापूर्वी चार गोष्टी पाहा: रक्कम व्याजासह आहे की व्याजाविना, पैसे किती दिवसांत जमा होणार आणि विलंब झाल्यास कोणत्या दराने व्याज लागणार, रॉड काढण्याचा खर्च स्वतंत्र आकडा म्हणून धरला आहे का, आणि रक्कम थेट मावशींच्या खात्यात जाणार की काही भाग मुदत ठेवीत. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसल्यामुळे सुटलेले कलम नंतर घालता येत नाही. फौजदारी खटला या पुरसीसने संपत नाही. तो मागे घेण्याची हमी त्यात घुसडलेली दिसली तर ते वाक्य काढायला सांगा.

कृष्णाकाठ

खाते मावशी आणि तिचे यजमान यांचे संयुक्त आहे. ते चालेल का?

अधिवक्ता_नाशिककर

तिच्या एकटीच्या नावाचे राष्ट्रीयीकृत बँकेतील बचत खाते आत्ताच उघडा आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत दाव्यासोबत जोडा. पासबुक, आधार आणि पॅन यांवरील नावात काही फरक असेल तर तोही आत्ताच दुरुस्त करून घ्या. पैसे जमा होताना त्यावरून अडते.